खानदेशातील कुणबीण, तिची लेक आणि आजची वंशावळ : दोन काळांत चालणाऱ्या कादंबरीविषयी

तापीथडी (चोपडा) :

सर्वांना नमस्कार. दोन काळांत समांतर चालणारी एक ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली आहे. तिच्या रचनेविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून हे थोडे सविस्तर लिहिते.

पहिला काळ १८०३ ते १८४३ असा आहे. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला, गावे ओस पडली आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळात तापीकाठच्या एका गावातली पंचविशीतली बाई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन एका वतनदाराच्या वाड्यावर येते आणि दोघींच्या पोटाला अन्न मिळावे एवढ्यासाठी कुणबीण, म्हणजे विकता किंवा आंदण देता येणारी दासी, म्हणून राहते. चार-पाच वर्षांनी वाड्यातल्या लेकीचे लग्न होते आणि आंदणाच्या यादीत या बाईची मुलगीही असते. ती मालकिणीबरोबर दुसऱ्या गावी जाते. पुढे तिला त्या घरच्या धन्यापासून मुलगा होतो आणि त्याचा वंश आजपर्यंत चालत आलेला आहे, अशी कल्पना केली आहे.

दुसरा काळ आजचा. जळगावात राहणारी एक शिक्षिका आपल्या मुलीच्या जात पडताळणीसाठी कागद गोळा करते आहे. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, तहसील कचेरीतून काढलेली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, असे एकेक जमवताना गावच्या घरातल्या जुन्या पेटीत तिला मोडी कागदांचे एक बाड सापडते. ते वाचून घेता घेता तिला आपल्या कुळाच्या मुळाशी असलेली ती कुणबीण आणि तिची आई भेटते.

अमेरिकेतील गुलामगिरीवरच्या कादंबऱ्या मी आवडीने आणि अभ्यासाच्या दृष्टीने वाचल्या आहेत. एका बाजूला विकली जाणारी आई आणि दुसऱ्या बाजूला तिच्या वंशातली आजची बाई, अशी रचना त्यांपैकी काहींमध्ये फार ताकदीने येते. मात्र तीच रचना मी खानदेशात आणली, तेव्हा आजच्या काळाची प्रकरणे निर्जीव झाली. माझी शिक्षिका कागद उघडते आणि जुने प्रकरण सुरू होते, कागद मिटते आणि ते संपते. तिचे स्वतःचे काहीच पणाला लागत नाही. जुन्या काळातील आईविषयी लिहिताना मला थांबावेसे वाटत नाही आणि आजच्या बाईकडे परत येणे जिवावर येते. वाचकालाही असेच वाटेल, अशी मला भीती आहे.

दुसरे असे, की या आईच्या मनात शिरण्याचा मला कितपत अधिकार आहे? कुणबिणींच्या हातचा कागद कोठे असण्याची शक्यता नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते घेणाऱ्याने, देणाऱ्याने किंवा सरकारने. अशा वेळी कल्पनेने किती भरावे आणि किती रिकामे ठेवावे? तिचे बोलणे अहिराणीत ठेवण्याचा विचार आहे. मुलीला ती ‘मन्ही आंडेर’ म्हणेल, ‘माझी कन्या’ म्हणणार नाही, एवढे मला पक्के ठाऊक आहे. पण संपूर्ण कादंबरीत ते पेलेल का, हे ठरत नाही.

आपण मोकळेपणाने लिहावे.

मोडीवाचक (धुळे) :

ताई, कागदपत्रांच्या बाजूने जे सांगता येईल ते सांगतो. कादंबरीची रचना हा माझा प्रांत नाही.

तुमच्या कथेचा पाया ऐतिहासिकदृष्ट्या भक्कम आहे. अठराव्या शतकातील आणि एकोणिसाव्याच्या आरंभीच्या मराठी दप्तरांत कुणबिणी आणि बटकी जागोजागी भेटतात. वाड्यात दळण, कांडण, सारवण, पाणी आणि बाळंतिणीची सेवा, पागेत आणि गुरांच्या गोठ्यात शेण-दाणावैरण, सरकारी कोठीत आणि किल्ल्यावर मिळेल ते काम, असा त्यांचा वावर असे. दुष्काळात माणसे विकली जात, युद्धात बायका पकडल्या जात, आणि बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकार स्वतः कुणबीण करून ठेवी किंवा विकून टाकी. हा शेवटचा मार्ग पुष्कळांना माहीत नसतो. कादंबरीत वाड्यावरच्या इतर कुणबिणी दाखवाल, तेव्हा प्रत्येकीची येण्याची वाट वेगळी ठेवा, म्हणजे ते घर खरे वाटेल. सुटकेचीही उदाहरणे आहेत. म्हातारपणामुळे काम होईनासे झाले म्हणून सोडलेली बाई सापडते, तशी आपल्या बदली दुसरी कुणबीण देऊन मोकळी झालेलीही सापडते. या दुसऱ्या प्रकाराचा कादंबरीकाराने जरूर विचार करावा, कारण तेथे एका बाईची सुटका म्हणजे दुसऱ्या बाईचे बंधन असते, आणि सुटू पाहणारी आई असेल तर तो हिशेब तिच्या जिवावर येतो.

तुम्ही कागद दाखवणार असाल तर तो कसा दिसतो हे नीट पाहून घ्या. मोडीत लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि मग त्या रेघांना लटकवत, बोरू फारसा न उचलता, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहीत जातो. आंदणाची किंवा जप्तीची यादी असेल तर भांडी, वस्त्रे, दागिने आणि गुरे यांच्याच ओळीत कुणबीण येते. पुढे आकडा असतो. कधी नाव असते, कधी नसते, आणि बरोबर मूल असेल तर त्याचाही आकडा तेवढ्याच जागेत मावतो. तीच लेखणी, तीच शाई आणि तीच घाई. लिहिणाऱ्याच्या हाताला तेथे कोठेही अडखळायला झालेले नाही, हे मूळ कागद समोर धरल्यावर जितके जाणवते तितके छापील उताऱ्यात जाणवत नाही. तुमच्या शिक्षिकेने तो कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याऐवजी स्वतः मोडी शिकून वाचावा, असे मला वाटते. पहिले काही महिने तिला फक्त आकडे वाचता येतील आणि अक्षरे लागणार नाहीत, यातून तुम्हाला पुष्कळ काही करता येईल.

कालगणनेची चूक होऊ देऊ नका. पेशवेकालीन कागदांवर इसवी सन नसतो. शुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो आणि तो मृगाच्या सुमारास बदलतो. तुमचे दुष्काळाचे वर्ष १८०३-०४ हे ‘अर्बा मयातैन व अलफ’, म्हणजे १२०४, असे येईल. आणखी एक खबरदारी घ्या. ज्यांच्या घरात कुणबी जातीच्या जुन्या नोंदींचा शोध चालू आहे, ते जुन्या कागदातील ‘कुणबीण’ हा शब्द जातीची नोंद म्हणून वाचण्याची शक्यता आहे. तेथे संदर्भ दासीचा आहे की जातीचा, हे आजूबाजूच्या मजकुरावरूनच ठरते.

अभ्यासासाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ तुम्हाला जवळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी मंडळ उभे राहिले. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मात्र तुमच्या पहिल्या काळाला पुरणार नाही. त्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे सहसा जात नाहीत. मधली दोन-तीन पिढ्यांची दरी तुम्हाला दुसऱ्या कशाने तरी ओलांडावी लागेल.

गिरणाकाठ (चाळीसगाव) :

विषय महत्त्वाचा आहे आणि लेखिकेच्या हेतूविषयी मला आदर आहे. तरीही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. अमेरिकेतील गुलामगिरी ही वर्णावर उभी होती, हजारो मैलांवरून समुद्रमार्गे माणसे आणून मळ्यांवर राबवण्याची ती अर्थव्यवस्था होती, आणि १८६५ मध्ये ती संपली तेव्हा सुमारे ४० लाख माणसे तिच्यातून मोकळी झाली. आपल्याकडील कुणबिणी प्रामुख्याने घरकामाच्या होत्या, त्यांची भाषा आणि देव मालकाचेच होते, काहींना घरच्या माणसासारखे वागवले जाई, आणि त्यांची मुले-नातवंडे समाजात मिसळून गेली. शेतीचा डोलारा त्यांच्यावर उभा नव्हता. वाड्याला मळ्याचे रूप दिले आणि वतनदाराच्या हातात चाबूक दिला, तर ते चित्र परके होईल, आणि खानदेशातील वाचकाला ते ओळखू येणार नाही. तुलना करावी, पण ती सावधपणे करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

तापीथडी (चोपडा) :

मोडीवाचक सर, मनापासून आभार. बदली कुणबीण देऊन सुटका होण्याचा उल्लेख वाचल्यापासून आईच्या उत्तरायुष्याविषयी मी आखलेले सगळे मला पुन्हा तपासावेसे वाटते आहे.

गिरणाकाठ दादा, आपला आक्षेप योग्य जागी आहे आणि चाबूक माझ्या आराखड्यात नाही. तरीही ‘घरच्या माणसासारखे’ या शब्दांपाशी मी अडते. घरच्या माणसाला कोणी आंदण देत नाही. त्या बाईला रोज पोटभर भाकर मिळाली असेल, कोणी हातही उगारला नसेल, पण आपली मुलगी उद्या कोणत्या गावी असेल हे ठरवण्याचा अधिकार तिला नव्हता. माझी कादंबरी एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. अमेरिकेतील आईची आणि तापीकाठच्या आईची गाठ मला तेथेच पडताना दिसते, बाकी सगळे वेगळे असले तरी.

बोरीकाठ (अमळनेर) :

महाविद्यालयात साहित्य शिकवत असताना या प्रकारच्या कादंबऱ्यांशी माझा बराच संबंध आला, म्हणून रचनेच्या प्रश्नावर लिहितो.

दोन काळांची ही रचना अमेरिकेत का रुजली, याचे एक कारण तेथील कागदपत्रांच्या स्वरूपात आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहिलेले असे आणि त्याच्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि रंग एवढेच असे. नाव जवळजवळ कधीच नसे. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची नावानिशी सरसकट नोंद प्रथम १८७० च्या जनगणनेत झाली. त्यामुळे आपल्या कुळाचा शोध घेणारा आजचा माणूस १८७० पाशी येऊन अडतो, आणि त्याच्या पलीकडे जायचे तर त्याला मालकाच्या घरचे कागद चाळावे लागतात. त्यांत मृत्युपत्र, मालमत्तेची यादी आणि खरेदीखत यांचा समावेश असतो. आपल्या आजीच्या आजीला शोधण्यासाठी तिच्या मालकाच्या वंशजांचे दार ठोठवावे लागणे, हा त्या कादंबऱ्यांतील आजच्या काळाचा प्राण आहे. तेथे शोधालाच वेदना आहे. युद्ध संपल्यावर मुक्त झालेल्या आयांनी, विकल्या गेलेल्या आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या जाहिराती वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत दिल्या आणि त्या चर्चमध्ये वाचून दाखवल्या जात. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यास बंदी झाल्यावर देशातल्या देशात खरेदी-विक्री वाढली, सुमारे १० लाख माणसे जुन्या राज्यांतून दक्षिणेच्या कापसाच्या प्रदेशात नेली गेली आणि असंख्य कुटुंबे तुटली. तो शोध आजही पूर्ण झालेला नाही आणि म्हणून तेथील आजच्या काळातील नायिकेला कारण शोधावे लागत नाही.

ताई, तुमच्या शिक्षिकेचे तसे नाही. खानदेशातील त्या घराने आपली आई हरवलेली नाही. त्या घराने तिला वगळलेले आहे. हरवलेल्या माणसाचा शोध घेता येतो, पण वगळलेल्या माणसाविषयी घरात कोणाला तरी ठाऊक असते आणि ते माणूस गप्प असते. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की ती पेटी काढून टाका. पेटी म्हणजे योगायोग. तिच्या जागी एखादे बोलू शकणारे पण न बोलणारे माणूस ठेवा. शिक्षिकेची सासू असेल, चुलत सासरे असतील, ज्यांनी लहानपणी काहीतरी ऐकले आहे. पडताळणीसाठी वंशावळ लिहून द्यायची वेळ येते, तेव्हा ते एका नावापाशी थांबतात आणि ‘याच्या पुढचे कोणाला माहीत नाही’ असे सांगतात. आता शिक्षिकेसमोर शोधाबरोबर निवडही उभी राहते. तिने खणून काढले तर मुलीच्या प्रवेशाचे काय होईल, धाकट्या नणंदेच्या ठरलेल्या सोयरिकीचे काय होईल, भावकीत कोण काय म्हणेल? तुम्हाला हवे असलेले पणाला लागणे येथे आपोआप येते. शिवाय ही शिक्षिका स्वतः आई आहे. मुलीसाठी सत्य शोधावे की मुलीसाठी ते झाकावे, या दोन्ही गोष्टी ती प्रेमापोटीच करू शकते.

यातच एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायदा केला, की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. त्यामुळे मालकापासून झालेले मूलही मालकाचा गुलामच होई. आपल्याकडे कुणबिणीच्या मुलाच्या बाबतीत व्यवहार फारसा वेगळा नव्हता. ते आईबरोबर मालकाच्या घरचे होई, आणि धन्यापासून झालेला मुलगा लेकावळा, म्हणजे दासीपुत्र, म्हणून पंगतीच्या कडेला राही. उलट वंशावळ कायम बापाकडून मोजली जाते. पडताळणी समितीसमोरही पितृकुळाचेच कागद चालतात. म्हणजे त्या मुलाच्या बाबतीत आईचा विचार फक्त बंधनापुरता झाला. नाव, जमीन आणि पंगत यांच्या वेळी आईही नव्हती आणि बापही नव्हता. तुमच्या शिक्षिकेच्या हातातील प्रतिज्ञापत्रात बायकांसाठी रकानाच नाही, हे एका प्रकरणात नुसते दाखवा. भाष्य करू नका.

मोडीवाचकांनी मधल्या दरीचा प्रश्न काढला आहे. ती दरी कापसाने भरता येईल असे मला वाटते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली, आणि तोवर इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना मुख्यतः गुलामांच्या श्रमांवर पिकणारा कापूस मिळत होता तो बंद पडला. मुंबईत कापसाचे भाव अतोनात चढले आणि खानदेशातील शेतकऱ्याच्या हातात त्याने कधी पाहिला नव्हता असा पैसा आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. तुमच्या कुणबिणीचा मुलगा १८१५ च्या सुमारास जन्मला असे धरले, तर या वर्षांत तो पन्नाशीकडे झुकलेला कर्ता पुरुष आहे. त्याने कापसावर पैसा केला, दगडी जोत्याचे घर बांधले, आणि आता त्याला मुलांच्या सोयरिकी मोठ्या घरांत जुळवायच्या आहेत. त्यासाठी कूळ हवे. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग नाशिकवरून खानदेशात भुसावळपर्यंत येऊन पोहोचला. तो गाडीने नाशिकला जातो, तीर्थोपाध्यायाच्या वहीत आपल्या पूर्वजांची नावे सांगतो, आणि सांगताना आईला आणि आजीला वगळून एक नवाच आजोबा उभा करतो. अमेरिकेत ज्या युद्धाने गुलामगिरी संपली, त्या युद्धाने दिलेल्या पैशातून खानदेशातील एका गुलाम आईचे नाव पुसले जाते. हे कल्पित आहे, पण प्रत्येक कडी त्या काळात घडू शकणारी आहे. आजच्या शिक्षिकेला सापडावा असा कागद हा आहे. तो मालकाच्या घरचा नाही, तर तिच्याच घरच्या पूर्वजाने स्वतःच्या तोंडाने सांगून लिहवून घेतलेला आहे.

गिरणाकाठ यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. ही तुलना आजची नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. फुले यांना फरक कळत नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

आखाजीची घागर (शिरपूर) :

तापीथडीबाई, मी लेखिका नाही, पण वाचते पुष्कळ. जन्म खानदेशातल्या खेड्यात गेला, त्या अनुभवावरून एक गोष्ट सुचवाविशी वाटते.

तुमच्या कथेत आई एका गावी आणि लेक दुसऱ्या गावी आहे. त्यांची भेट कधी होते, याचा तुम्ही विचार केला आहे का? आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. भाऊ मुऱ्हाळी म्हणून आणायला जातो, अंगणातल्या झाडाला झोका बांधतात, गौराईची गाणी होतात. कुणबिणीच्या लेकीला कोण आणायला जाणार? तरीही ती येईल. कारण तिची मालकीण ज्या वाड्याची लेक आहे, त्याच वाड्यात तिची आई दळते आहे. मालकीण माहेरी निघाली की तिचे गाठोडे उचलायला, पोर कडेवर घ्यायला ही बरोबर येणारच. म्हणजे वर्षातून एकदा आईला लेक दिसणार, पण मालकिणीच्या माहेरपणाच्या सोबतीने. चार-पाच दिवस दोघी एकाच वाड्यात असतील आणि दोघींनाही काम असेल. आई सांजोऱ्यांसाठी सांजा भाजत असेल आणि लेक मालकिणीच्या डोक्याला तेल लावत असेल. बोलायचे ते रात्री गोठ्यात किंवा पहाटे जात्यावर, दोघींच्या हातांत एक खुंटा असताना. तुमची अहिराणी तेथे येऊ द्या. सगळ्या कादंबरीभर नको. धन्यासमोर त्या दोघी ‘जी’ आणि ‘हो’ एवढेच बोलतील.

आता पाहा, ही भेट सर्वस्वी मालकिणीच्या सासर-माहेरावर अवलंबून आहे. व्याह्यांमध्ये मानपानावरून बिनसले आणि एखाद्या वर्षी लेकीला पाठवले नाही, तर या आईलाही लेक दिसणार नाही, आणि कारण तिला कोणी सांगणार नाही. मालकीण बाळंतपणात गेली, तर माहेरचा संबंधच सुटला. मग त्या वाड्यातली आखाजी होत राहील, पण त्या गावाहून कोणी येणार नाही. परक्या बाईच्या आयुष्यासाठी ही आई मनापासून देवाला साकडे घालत असेल, कानबाईला हात जोडून तिची खुशाली मागत असेल, हे मला दिसते. मालकिणीवर ती चिडत असेल आणि तिच्याच जिवाला जपतही असेल. मराठीत अशी आई मी अजून वाचलेली नाही.

त्याच सणाला आपण पितरांची घागर भरतो, घागरीवर डांगर ठेवतो आणि निखाऱ्यावर तुपाची आणि पुरणपोळीची आगारी टाकताना पूर्वजांची नावे घेतो. तुमच्या शिक्षिकेचे सासरे ती नावे घेताना कोठे थांबतात, हे त्या घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलेले असेल. बोरीकाठ सरांनी सुचवलेले न बोलणारे माणूस तुम्हाला तेथेच सापडेल. ते माणूस सासूच असावे, असे माझे मत आहे. घरातली गुपिते पुरुष विसरतात आणि बायका सांभाळतात.

तापीथडी (चोपडा) :

आपण सर्वांनी जे दिले आहे त्यावर मला बरेच दिवस काम करावे लागेल. पेटी काढून टाकते आहे. कापसाच्या वर्षांतला तो मुलगा आता कथेतला तिसरा महत्त्वाचा माणूस होईल. त्याने आईला वगळले याचा राग मला येतो, पण त्याला पंगतीच्या कडेला बसवले गेले होते हेही मला लिहावे लागेल, नाहीतर तो नुसता खलपुरुष होईल. आखाजीच्या भेटींवर जुन्या काळाची सगळी प्रकरणे बांधायची, म्हणजे एक प्रकरण म्हणजे एक आखाजी, असे करून पाहते. ज्या वर्षी लेक आली नाही त्या वर्षाचे प्रकरण अर्ध्या पानाचे असेल.

मोडीवाचक सर, एक शंका उरली आहे. मी जुना काळ १८४३ ला थांबवते आहे, कारण त्या वर्षी कायद्याने गुलामगिरी संपली असे वाचले होते. लेक तेव्हा ४७ वर्षांची आणि आई ६५ च्या आसपास असेल. त्या वर्षी दोघी मुक्त झाल्या आणि भेटल्या, असा शेवट मला करता येईल का?

मोडीवाचक (धुळे) :

ताई, १८४३ च्या पाचव्या कायद्याने कोणाची सुटका जाहीर झाली नाही. त्याने एवढेच केले, की गुलामावरचा मालकाचा हक्क कंपनी सरकारच्या न्यायालयांनी मानायचा नाही, आणि कोणी गुलाम होता एवढ्या कारणाने त्याची मिळकत त्याच्यापासून काढून घेता यायची नाही. गावात दवंडी पिटली गेली आणि वाड्यांची दारे उघडली, असे चित्र रंगवू नका. गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६० च्या भारतीय दंडसंहितेने, आणि ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. त्या दिवशी तुमची लेक ६६ वर्षांची असेल आणि तिच्या मुलाच्या कापसाला नुकताच भाव येऊ लागला असेल.

१८४३ मध्ये प्रत्यक्षात जे घडू शकले असते ते असे. लेक निघून गेली असती, तर तिला परत आणण्यासाठी मालकाला कचेरीत दाद मागता आली नसती. पण हे तिला कोणी सांगितले असते का, आणि सांगितले असते तरी त्या वयात, त्या घरी जन्मलेला मुलगा तेथेच असताना, ती निघाली असती का? हा प्रश्न कागद सोडवत नाहीत, तो तुमचा आहे. माझे मत विचाराल, तर जुना काळ १८४३ ला तोडू नका. तो १८६२ च्या पुढे, कापसाच्या तेजीपर्यंत न्या, म्हणजे मुलगा नाशिकच्या वहीत नावे सांगायला निघतो तेव्हा त्याची आई घरी जिवंत असेल.

मोडी वाचायला सुरुवात करायची असेल तर आधी छापील बाराखडी आणि एखाद्याच लेखकाच्या हातची पत्रे घ्या. एक हात ओळखीचा झाला की दुसरा लवकर लागतो. आंदणाच्या याद्यांपासून सुरुवात केलीत तर वस्तूंची नावे तीच तीच येतात, त्यामुळे अक्षरे लवकर बसतात.